अपार्टमेंटमध्ये नेट घेताय? आधी जिना आणि गच्ची बघा, कंपनी नंतर

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेला माणूस शेजाऱ्याला हमखास विचारतो, "भाऊ, इथं नेट कोणाचं चांगलं चालतं?" शेजारी एका कंपनीचं नाव सांगतो, समोरच्या फ्लॅटमधले दुसरीचं सांगतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. रस्त्यावरच्या खांबापर्यंत बहुतेक कंपन्यांचं फायबर आता ठीकठाक पोहोचलेलं आहे. घोळ होतो तो खांबापासून तुमच्या हॉलच्या भिंतीपर्यंतच्या पन्नास-साठ मीटरमध्ये. गच्चीवरून लोंबणारी वायर, पाणी शिरलेला बॉक्स, कुलूप लावलेली मीटर रूम, किल्ली घेऊन गावाला गेलेले चेअरमन. बंगल्यातला माणूस आपल्या भिंतीचा मालक असतो. अपार्टमेंटमध्ये जिना सगळ्यांचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात कोणाचाच नसतो. म्हणून खालच्या पायऱ्या कंपनीपासून नाही, इमारतीपासून सुरू होतात.

१. पैसे देण्याआधी इमारत फिरून या

संध्याकाळी अर्धा तास काढा आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालत जा. या गोष्टी बघा:

- जिन्यात किंवा शाफ्टमध्ये केबलसाठी पाइप किंवा डक्ट आहे का, की वायरी नुसत्या खिळ्यांवर टांगल्या आहेत?
- पार्किंगमध्ये किंवा गच्चीच्या दाराजवळ कोणकोणत्या कंपनीचे बॉक्स लागलेले आहेत? ज्याचा बॉक्स आधीच आहे, त्याची जोडणी लवकर होते.
- बॉक्सचं झाकण आहे का, की प्लास्टिकची पिशवी बांधली आहे? पिशवी दिसली तर पावसाळ्यात काय होणार ते ओळखा.
- वायर इमारतीत कुठून शिरते? खांबावरून थेट गच्चीवर हवेत ताणलेली असेल तर मे-जूनच्या वादळात तीच पहिली तुटते.

मग दोन घरी विचारा, एक वरच्या मजल्यावर आणि एक तळमजल्यावर. "नेट कसं आहे?" असं विचारलं तर "बरं आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा "रात्री नऊ वाजता कसं चालतं?" आणि "मागच्या वेळी बंद पडलं तेव्हा माणूस किती दिवसांनी आला?" हे विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे कंपनी कोणतीही असली तरी दुरुस्तीला येणारा माणूस बहुतेकदा स्थानिक केबलवाल्याकडचाच असतो. बीएसएनएलचं भारत फायबरसुद्धा बऱ्याच भागांत स्थानिक भागीदारामार्फतच चालतं. त्या माणसाचा स्वभाव हाच खरा तुमचा प्लॅन.

फ्लॅट अजून घ्यायचाच असेल तर बिल्डरला डक्टबद्दल ताबा घेण्यापूर्वीच विचारा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी तारांकित मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. आपल्याकडच्या तीन मजली, बारा फ्लॅटच्या इमारतीला असे तारे मिळतील की नाही ते सोडा, पण "नेटसाठी वेगळा पाइप टाकलाय का?" या प्रश्नाला बिल्डर काय उत्तर देतो त्यावरून पुष्कळ कळतं.

२. घरात नेमकं काय येणार आहे ते स्पष्ट विचारा

"फायबर आहे" असं सगळेच सांगतात. तुम्ही विचारा, "फायबर माझ्या घरात येणार, की इमारतीच्या बॉक्सपर्यंतच?" यात मोठा फरक आहे.

पहिला प्रकार: केसासारखी बारीक काचेची तार थेट तुमच्या घरातल्या ओएनटीला, म्हणजे आपण ज्याला मोडेम म्हणतो त्याला, येऊन जोडली जाते. मधल्या स्प्लिटरला, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला, वीज लागत नाही. इमारतीची लाइट गेली आणि तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तर नेट चालू राहू शकतं.

दुसरा प्रकार: फायबर पार्किंगमधल्या किंवा गच्चीवरच्या बॉक्सपर्यंत येतं, तिथे एक स्विच असतो आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला तांब्याची लॅन वायर जाते. जुन्या स्थानिक जोडण्या बऱ्याचदा अशाच आहेत. तो स्विच इमारतीच्या कॉमन मीटरवर चालतो. लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर असून उपयोग नाही, कारण खालचा स्विचच मेलेला असतो. शिवाय गच्चीवरच्या पत्र्याच्या बॉक्समध्ये तो उन्हात भाजतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, आणि अशी घरगुती यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच चालवायची असतात. दुपारी दोन ते पाच नेट रोज रडत असेल तर कंपनी बदलण्याआधी तो बॉक्स बघून या. विजांच्या दिवसांत तांब्याच्या लांब वायरीतून आलेला झटका राउटरसकट टीव्हीही घेऊन जातो. काचेच्या तारेतून वीज येत नाही.

पर्याय असेल तर पहिलाच प्रकार घ्या. दुसराच असेल तर निदान त्या स्विचला बॅकअप आहे का आणि त्याचं वीजबिल कोण भरतं, हे विचारून ठेवा. कॉमन लाइटबिलावरून मीटिंगमध्ये भांडणं होतात तेव्हा कोणीतरी रागाने तो प्लग काढतो.

तिसरा प्रकार २०२३ पासून आला आहे, जिओ आणि एअरटेल दोघांचा एअरफायबर. यात बाहेर एक अँटेना लागतो, तो ५जी टॉवरकडून सिग्नल घेतो आणि वायर गच्चीवरून घरात येते. रस्ता कायम खोदलेला असणाऱ्या वस्तीत, किंवा फायबर अजून न पोहोचलेल्या नव्या कॉलनीत हा चांगला मार्ग आहे. पण वेग टॉवरवरच्या गर्दीवर अवलंबून असतो, आणि अँटेना गच्चीवर लावायचा म्हणजे परवानगी आलीच. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया वाळत घालायची आपल्याकडची पद्धत लक्षात घ्या. वायर फरशीवरून मधोमध नेऊ नका, कठड्याच्या कडेने पाइपातून न्या. नाहीतर पहिल्याच वाळवणाला कोणीतरी ती उचलून बाजूला करेल आणि अँटेनाचं तोंड फिरेल.

३. परवानगी लेखी घ्या

नोंदणीकृत सोसायटी असेल तर सेक्रेटरीच्या नावाने एक साधा अर्ज द्या. अर्ज लांबलचक नको. फ्लॅट नंबर, कंपनीचं नाव, वायर कुठून कुठे जाणार, भिंतीला किती भोकं पडणार, आणि "काम झाल्यावर भोकं बुजवून देण्याची जबाबदारी माझी" ही ओळ. शेवटच्या ओळीमुळे निम्मा विरोध मावळतो. कमिटीला नेटचं वावडं नसतं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ड्रिल मारण्याचं असतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून स्लॅबमध्ये भोक पाडायचंच नाही, कठड्याच्या उभ्या भिंतीला क्लिप मारायची, हे तंत्रज्ञाला आधी बजावा.

आपल्या भागात अनेक इमारतींची सोसायटी झालेलीच नसते. बिल्डर निघून गेलेला असतो आणि कारभार एखादे आप्पा किंवा नाना बघत असतात. तिथे सगळ्या फ्लॅटधारकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, दोन दिवस वाट बघा आणि आलेल्या होकारांचा स्क्रीनशॉट ठेवा. कागद नसला तरी नंतर "आम्हाला विचारलं नाही" म्हणायला जागा उरत नाही.

इथला मोठा सापळा म्हणजे मक्तेदारी. "आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त अमुकच केबलवाला, दुसऱ्याला आत येऊ देत नाही." कधी त्यामागे कमिटीला मिळणारं फुकट कनेक्शन असतं, कधी गच्चीचं भाडं, कधी नुसता आळस. खासगी इमारतीत केबल टाकायला मालकांची संमती लागते हे खरं. पण दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये असा मार्गाधिकार, म्हणजे केबल नेण्याची परवानगी, भेदभाव न करता आणि शक्यतो एकालाच बांधून न घेता द्यावा, हे तत्त्व आहे. भांडायला जाऊ नका. चार-पाच घरांच्या सह्या घेऊन "दुसऱ्या एका कंपनीलाही डक्ट वापरू द्या, वायरीला लेबल लावायची अट घाला" अशी मागणी सभेत मांडा. एकट्याच्या अर्जापेक्षा पाच सह्यांचं वजन जास्त पडतं, आणि पाच गिऱ्हाईकं एकदम मिळणार म्हटल्यावर कंपनीही स्वतःच्या खर्चाने पाइप टाकायला तयार होते.

कमिटीतल्या मंडळींसाठीही एक सूचना. नव्या केबलवाल्याला परवानगी देताना जुन्या मेलेल्या वायरी काढण्याची अट घाला. एकेका शाफ्टमध्ये चालू वायरींपेक्षा बंद वायरीच जास्त लोंबत असतात, आणि तंत्रज्ञ घाईत चुकीची वायर कापून जातो.

४. प्लॅन आणि कागदपत्रं

लागणारे कागद थोडेच आहेत:

- आधार कार्ड (शक्यतो शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत)
- फोटो
- पत्त्याचा पुरावा: महावितरणचं बिल, इंडेक्स-२ किंवा भाडेकरार
- ओटीपी येईल असा चालू मोबाइल नंबर
- भाडेकरू असाल तर घरमालकाची संमती, मेसेजवर असली तरी चालेल
- सोसायटीची ना-हरकत, कंपनीने मागितली तर

कनेक्शन स्वतःच्याच नावावर घ्या. "माझ्या नावावर आहेच, तुम्ही निम्मे पैसे द्या, वायफाय वापरा" असं शेजारचे काका प्रेमाने सांगतील. पण त्या जोडणीवरून कोणी काही गैरप्रकार केला तर पोलिसांची पहिली विचारणा ज्याचं केवायसी आहे त्याच्याकडे होते. तुम्ही शेजाऱ्याला पासवर्ड देता तेव्हाही हेच लागू.

प्लॅन निवडताना तीन गोष्टी बघा. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४९९चा प्लॅन ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. आठाने भागा, साधारण साडेबारा एमबी. आणि "अनलिमिटेड" खाली बारीक अक्षरात मर्यादा असते. बऱ्याच घरगुती प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी असते, घरगुती वापराला पुरून उरते. स्थानिक प्लॅनमध्ये ती खूप कमी असू शकते, तेव्हा आकडा विचाराच. चार माणसांच्या घराला, त्यात एकजण घरून काम करणारा असला तरी, ५० ते १०० एमबीपीएस पुरतं. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन तो आतल्या खोलीत २० मिळतो म्हणून चिडणाऱ्यांचा प्रश्न प्लॅनचा नसतो, पायरी ६ मधला असतो.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. "बारा महिन्यांचे भरा, दोन महिने फुकट" ही ऑफर नव्या इमारतीत तरी पहिल्या महिन्यात घेऊ नये. एक महिना किंवा तिमाही वापरा, एक वादळ आणि एक रस्ता-खोदाई जाऊ द्या, मग ठरवा. मोडेमसाठी अनामत मागितली तर ती परत मिळणारी आहे असं लिहिलेली पावती घ्या. नुसतं फोनवरून पैसे पाठवून "भाऊ, पावती नंतर देतो" यावर थांबू नका.

घरी कॅमेरा लावून तो गावाहून बघायचा असेल, तर ते आधीच सांगा. बहुतेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा वेगळा सार्वजनिक आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, नसतो. ॲपवर चालणारे कॅमेरे त्यावरही चालतात, जुन्या पद्धतीचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) मात्र स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात.

५. जोडणीच्या दिवशी घरात थांबा

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवा. तंत्रज्ञ आला आणि किल्ली नाही, तर तो परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नसतं.

वायर घरात कुठून घ्यायची हे तुम्ही ठरवा. आपल्याकडचा सोपा रस्ता म्हणजे कूलरची खिडकी. तिथे आधीच फट असते, ड्रिल लागत नाही, म्हणून तंत्रज्ञ लगेच तिकडे वळतो. नाही म्हणा. दर मार्चमध्ये कूलर बसवताना आणि पावसाळ्यात काढताना ती तार पत्र्यात चेपते. फायबर वाकवलेलं सहन करत नाही, घडी पडली की प्रकाश गळतो. त्यापेक्षा मुख्य दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक स्वच्छ भोक, बाहेरच्या बाजूला थोडं खाली उतरतं, म्हणजे पाणी आत येणार नाही. खिडकीतून किंवा बाल्कनीतून आणायचीच असेल तर बाहेर वायरीला एक झोळ ठेवायला सांगा, पावसाचं पाणी त्या झोळावरून टपकून जातं.

मग टोकाच्या जोडाबद्दल बोला. "दादा, कनेक्टर दाबून लावताय की स्प्लाइस मारताय?" मशीनने वितळवून मारलेल्या जॉइंटमध्ये प्रकाश फार कमी वाया जातो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. हाताने दाबलेला कनेक्टर लवकर होतो, पण सैल पडतो. मशीन सोबत असेल तर आग्रह धरा.

शेवटी पॉवर मीटर लावायला सांगा, तारेतून किती प्रकाश येतो ते तो डीबीएममध्ये मोजतो. आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४-२५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण पहिल्या पावसात बंद पडेल. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. उद्या "तुमच्या घरातलाच प्रॉब्लेम आहे" असं कोणी म्हणालं तर हा फोटो बोलतो.

वेग तपासताना वायफायवर तपासू नका. लॅपटॉप लॅन वायरीने मोडेमला जोडून तपासा. तिथे प्लॅनएवढा वेग आला तर कंपनीचं काम झालं.

जाण्याआधी तंत्रज्ञाकडून वायफायचा पासवर्ड बदलून घ्या. मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवायची सगळ्यांना सवय आहे, आणि तो नंबर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांकडे असतो.

६. राउटर कुठे ठेवायचा

टीव्हीमागे नाही, लोखंडी कपाटावर नाही, माळ्यावर नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर माळा म्हणजे तापलेल्या स्लॅबला चिकटलेली भट्टी. हॉल आणि पॅसेजच्या मधे, खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. वायर त्यासाठी दोन-चार मीटर जास्त ओढावी लागली तरी चालेल, ओढून घ्या.

वायफायचे दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण आरसीसी भिंतीपुढे थकतं. २.४ दूर जातं, पण अपार्टमेंटमध्ये सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यावर असतात. सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो रिकामा असेल तो निवडा. मागच्या बेडरूममध्ये तरीही पोहोचत नसेल तर स्वस्तातला रिपीटर घेऊन पैसे घालवू नका. हॉलमधून एक लॅन वायर नेऊन तिथे दुसरा राउटर लावा. तळमजल्यावर मोबाइलची रेंज मिळत नसेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

७. लाइट गेल्यावर

मोडेमच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा छोटा राउटर-यूपीएस घ्या, पिन बसते ना ते दुकानातच बघा. मोडेम आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. एकालाच लावून "यूपीएस चालत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

८. बंद पडलं तर

आधी दिवे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे तार तुटली किंवा निसटली. दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. पीऑन हा फायबर जोडलेलं असल्याचा दिवा हिरवा स्थिर असून नेट नसेल तर मोडेम एकदा बंद करून दोन मिनिटांनी लावा, रिचार्ज संपलाय का बघा. शेजाऱ्याचंही बंद असेल तर दोष इमारतीबाहेर आहे. कुठेतरी पाइपलाइनची किंवा रस्त्याची खोदाई चालू असणार.

तक्रार केबलवाल्याच्या खासगी नंबरवर करा, तो लवकर येतो. पण सोबत कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक क्रमांकावरही करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फोनवरच्या "येतो संध्याकाळी"ला पुरावा नसतो. प्रश्न सुटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. एवढ्या टोकाला क्वचितच जावं लागतं. १९१५वर नोंद झाली की बहुतेकदा कंपनीचाच फोन येतो.

९. घर सोडताना

रेल्वे, बँक, शिक्षकाची नोकरी, बदली ठरलेली. प्लॅन संपायच्या आठवडाभर आधी लेखी कळवा, नुसता रिचार्ज बंद करून निघून जाऊ नका. काही कंपन्या त्याच शहरात जोडणी हलवून देतात, त्यासाठी नव्या इमारतीत त्यांचा बॉक्स आहे का ते पायरी १ प्रमाणे बघून या. मोडेम आणि अडॅप्टर दोन्ही परत करा, मोडेमवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि परतीची पावती घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका. अनामत त्या पावतीवरच मिळते. घरातली वायर मात्र ओढून काढू नका. टोकाला टोपी लावून गुंडाळून ठेवा, पुढच्या भाडेकरूला निम्मं काम तयार मिळेल.